वयानुरूप

“माझ्या पोरीचं वाढणं तुम्ही दाबून ठेवलंय, मॅडम,” शिंपी खिडकीच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाला. “चोरीचा माल दाबतात तसं.”

शिशुगृहाच्या मॅडमनी चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, चष्मा खाली केला. असलं ऐकून ऐकून त्यांचे कान निबर झाले होते. त्यांनी फटीतून एक कापडी चेंडू बाहेर सरकवला.

“परत न्या. वयानुरूप नाही.”

चेंडू सोललेल्या संत्र्यासारखा फोडीफोडींचा होता. दोन फोडींच्या मधे इवलाली बोटं शिरतील एवढी फट. घरंगळत लांब जाऊ नये, रांगणाऱ्या पोराच्या हाती लागावा म्हणून तो असाच बेततात, हे शिंपी पुस्तकात बघून शिकला होता. टाका तोंडात सुटायला नको म्हणून त्यानं प्रत्येक शिवण स्वतःच्या दातांनी ओढून पाहिली होती. जन्मभर बटणं लावत आलेला माणूस, पण चेंडूला एक बटण लावलं नव्हतं.

“वयानुरूप नाही म्हणजे काय? लहान पडतो की मोठा पडतो?”

“ते सांगता येणार नाही. मुलांच्या प्रगतीची माहिती गोपनीय असते.”

“अहो, मी बाप आहे तिचा.”

“ताब्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही अर्जदार आहात.”

बायको गेली आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही, एवढ्यावरून बालकल्याण समितीनं तान्ही पोर उचलून इथं आणली होती. तात्पुरती. तेव्हा तिला मानसुद्धा धरता येत नव्हती. तेव्हापासून भेट बंद, फोटो बंद. खेळणं तेवढं आणायची मुभा, तेही मॉन्टेसरी पद्धतीचं आणि मुलाच्या वाढीला साजेसं असेल तरच. पोर पालथी पडते, बसते की उभी राहते, हे ज्याला कळू द्यायचं नाही त्यानं साजेसं खेळणं कुठल्या झाडावरून तोडून आणायचं? वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: ‘खेळणं निवडण्याआधी मुलाचं निरीक्षण करा.’ शेजारी एक गुबगुबीत बाळ खदखदा हसत होतं. कुणाला हसत होतं ते सांगायला नको.

“माप घेतल्याशिवाय मी उशीची खोळसुद्धा बेतत नाही,” शिंपी म्हणाला.

“मग नका आणू. सक्ती नाहीये.”

एरवी तो इथं आवाज चढवायचा आणि शिपायानं खांद्याला धरलं की निघून जायचा. आज त्यानं पिशवी उचलून खिडकीपुढच्या फळीवर रिकामी केली. काळ्या-पांढऱ्या कापडाच्या त्रिकोणांचं झुंबर, नुसतं पडून बघणाऱ्या बाळासाठी. परत आलेला चेंडू त्याच्या शेजारी. मग दोऱ्याच्या मोठ्या रिळावर अडकवायच्या लाकडी कड्या, बसणाऱ्या बाळासाठी. आणि शेवटी शिलाई मशीनचा खण, त्याला खाली चाकं, मागं धरायला दांडी. उभं राहून, ढकलत, पाऊल टाकणाऱ्या पोरीसाठी.

“दुकान मांडलंय का इथं?”

“मांडलंय. घ्या ना. यातलं कुठलंही एक उचला.” शिंप्याचा आवाज एकदम खाली आला. “बोलू नका. माहिती देऊ नका. तोंडाला कुलूप घाला हवं तर. फक्त हात पुढं करा.”

मॅडमचा हात सवयीनं बाहेर आला. झुंबरावरून गेला, चेंडूवरून गेला, कड्यांच्या जरा वर थांबला. शिंपी त्या बोटांवर नजर लावून पुढं वाकला. कड्या? की अजून पुढं?

तेवढ्यात मॅडमना डाव कळला. तापलेल्या इस्त्रीवर पडल्यासारखा हात मागे गेला.

“हुशारी दाखवायची नाही इथं! कर्मचाऱ्यांना फसवून माहिती काढायचा प्रयत्न केला, असं लिहीन मी तुमच्या अर्जावर.”

“लिहा. ठळक लिहा. आणि खाली हेही लिहा, की पोर बसते का एवढंच विचारत होता.”

आतल्या दारातून आया धुतलेल्या दुपट्यांची बादली घेऊन आली. फळीवरचा पसारा पाहून तिनं बादली खाली टेकवली.

“अगंबाई, मशीनच्या खणाला चाकं! डोकं चालवलंय हो कुणीतरी.” तिनं ओला हात पदराला पुसला आणि काचेतून शिंप्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही टेलरदादा का? खिडकीजवळच्या पाळण्यातली तुमची ना? कान अगदी तुमचे घेतलेत. अहो दादा, आणि त्या कड्या कशाला आणल्यात, ती तर आता…”

“मावशी!”

मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या, की आत कुठंतरी एक पोर दचकून रडायला लागलं. शिंप्याचे कान तिकडं वळले. ती का? तिचा रडण्याचा आवाज त्याला आता ओळखू येत नव्हता.

आयानं खाली बघून बादली उचलली. तिच्या तोंडावरचं हसू अर्धंच राहिलं होतं. चांगल्या बातमीचं अर्धं होतं की कीव आल्याचं, ते काचेतून नीट दिसेना.

“वेळ संपली,” म्हणत मॅडमनी खिडकी ओढली.

शिंप्यानं हात आत घातला. काच त्याच्या मनगटावर येऊन आदळली. मॅडमनी जोर लावला. त्यानं हात काढला नाही.

“मावशी,” तो म्हणाला, “ती तर आता काय?”

आया पाठमोरी उभी होती.

“काय ते बोला! ती तर आता काय?”