चार पानांचा नकार

ऊन अजून गोठ्याबाहेरच रेंगाळत होते. आत आल्या होत्या त्या पत्र्याच्या भोकांतून उतरलेल्या त्याच्या पाचसहा तिरप्या काड्या, आणि त्यांत कडब्याची धूळ इतक्या सावकाश वर-खाली होत होती, की तिला कुठे पोहोचायचेच नसावे. एक काडी गाईच्या पाठीवर टेकली. तिथले केस आधी तांबूस झाले, मग सोनेरी, मग नुसतेच उजळ. गाईने कातडी थरथरवली. उजेड जागचा हलला नाही. रविराजने वहीत लिहिले : ‘उजेड वस्तूवर पडत नाही, वस्तू उजेडात येते.’ वाक्य त्याला फार आवडले. तो ते अधोरेखित करत असतानाच गाईने शेपटी फटकारली आणि शेणाचा शिंतोडा नेमका त्या वाक्यावर आला.

“सर, लिवून झालं असंल तर इचारा,” धार काढता काढता आबासाहेब म्हणाला. “आट वाजता डेरीची गाडी येती.”

कोल्हारच्या या आबासाहेबला आजवर अकरा मुलींनी नकार दिला होता. रविराज नगरच्या एका महाविद्यालयात शिकवत होता आणि ‘नकाराचा अनुभव’ या विषयावर पीएच.डी. करत होता. पद्धत फिनॉमेनॉलॉजीची. नकार का मिळाला हे विचारायचे नाही. तो भोगताना कसा वाटला एवढेच ऐकायचे, आणि आपल्या स्वतःच्या समजुती तेवढा वेळ कंसात बंद ठेवायच्या. हे रविराजला जड गेले नाही. तो लहानपणापासून बराचसा कंसातच राहत आला होता.

“नकार मिळाला त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय जाणवलं?”

“कितव्याला?”

“पहिल्या.”

“पोरगी तोंडावर म्हनली, शेतकरी नको. माज्या तोंडात पोह्यांचा घास. गिळावा का थुकावा, कळंना.” आबासाहेब हसला. “गिळला. लई कोरडा लागला.”

रविराजला हेवा वाटला. इतके नेमके त्याला स्वतःच्या नकाराविषयी चार पानांत लिहिता आले नव्हते.

“तुमालाबी मिळालाय जनू,” त्याच्या चेहऱ्याकडे पाहत आबासाहेब म्हणाला.

संशोधकाने आपले सांगायचे नसते. रविराजने सांगितले. पंकजा त्याच्याच विभागात शिकवत होती. काल संध्याकाळी पार्किंगमध्ये ती म्हणाली, “उद्या अकरा वाजता मला पाहायला येताहेत.” मग हेल्मेट हातात धरून ती तशीच उभी राहिली. रविराजने त्या उभे राहण्याचे बारकाईने निरीक्षण केले. हेल्मेटच्या काचेत आभाळ होते. तिची बोटे पट्ट्याशी चाळा करत होती. त्यानंतर तो म्हणाला, “हं.” घरी जाऊन त्याने चार पाने लिहिली आणि वर शीर्षक दिले : ‘मूक नकार’.

“किती येळ उभी हुती?”

“चार-पाच मिनिटं.”

“गाडी चालू करून?”

“नाही. बंदच होती.”

बादलीतल्या धारेचा आवाज थांबला.

“आन् तुमी तिला काय इचारलं हुतं?”

रविराजने घाईघाईने वही उघडली. चारही पानांवर आभाळ होते, बोटे होती, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता, त्याच्या छातीची धडधड तर दीड पान होती. त्याने शेवटचे पान उलटून मागे पाहिले. मागची बाजू कोरी होती.

“आवो सर, मला अकरा जनी न्हाई म्हनल्या, खरं हाय,” आबासाहेब हलक्या आवाजात म्हणाला. “पन म्या अकराबी येळा इचारलं हुतं.”

घड्याळात पावणेआठ झाले होते. पंकजाने त्याला नकार दिला नव्हता. त्याने तिला काही विचारलेच नव्हते.