जाड ऑइल

थंडी पडली की मी गिऱ्हाइकांच्या मागे लागून त्यांच्या गाड्यांत पातळ ऑइल भरतो. माझ्या गाडीत मात्र बारा महिने जाड. रात्रभर गारठून ते मधासारखं घट्ट होतं आणि सकाळी इंजिन नुसतं कण्हत बसतं. "मिस्त्रींचीच गाडी धक्कास्टार्ट!" म्हणून लोक खिदळतात. खिदळू देत, माझं काय जातंय!

घटस्फोट झाल्यापासून लेक माझ्या वाट्याला फक्त रविवारी येते. सोमवारी सकाळी तिला तिच्या आईकडे पोचवायचं असतं, पण गाडी सुरू व्हायला तयार नसते. मग आम्ही एकाच शालीत गुरफटून आत बसतो आणि ती शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगत सुटते. रविवारभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली पोर मला खरी भेटते ती तेव्हाच.

आज किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्याच झटक्याला सुरू.



"काल दुपारी तू झोपलास ना बाबा, तेव्हा ऑइल मीच बदललं, तू शिकवलंस तस्सं," शालीची घडी मागच्या सीटवर ठेवत लेक म्हणाली. "दर वेळी माझ्यापायी तुझा केवढा वेळ फुकट जायचा!"