राहतं घर

"ह्या घरात कोन ऱ्हातं?" नगरपालिकेच्या धनाजीनं पुन्हा विचारलं, पण गल्लीतलं एकही तोंड उघडलं नाही.

समोर मातीचा ढीग पडला होता. घराची बोळाकडची भिंत दुपारी अख्खीच्या अख्खी खाली आली होती. त्या भिंतीच्या खुंटीला दोरी बांधून बोळापलीकडची रेश्मा धुणं वाळत घालायची. आजही घालत होती. गल्लीनं नुसत्या हातांनी माती उपसली. तिला बाहेर काढलं तेव्हा मुठीत नवऱ्याच्या सदऱ्याची बाही घट्ट धरलेली होती, पण अंगात जीव नव्हता. तिला सांगलीच्या दवाखान्यात नेलं आणि नवरा, जयराज, कुपवाडच्या कारखान्यातून परस्पर तिकडंच गेला. सासरा केरबा मात्र ढिगापासून हलायला तयार नव्हता.

सुलाबाई बायकांच्या मागं उभी होती. घराचा पुढचा भाग अजून उभा होता. दाराला कुलूप तसंच होतं आणि उंबऱ्यापुढची सकाळची रांगोळी जराही विस्कटली नव्हती. सुलाबाईला ती डोळ्यांपुढं नकोशी झाली होती.

"आता आलासा व्हय लिवायला?" केरबा धनाजीच्या अंगावर गेला. "पडकी घरं हुडकून लाल फुली मारत हिंडत हुता न्हवं तुमी? खालच्या आळीतली पार सपाट केली. हे एवढंच दिसलं न्हाई?"

धनाजी काही वाईट माणूस नव्हता. शिव्या खायची त्याला सवय होती, पण आज त्यानं वहीतनं मान वर केली नाही.

"आलतो, तात्या. ह्याच दारात हुबा हुतो. बंद पडलेल्या घरावर फुली मारायची आन पावसाच्या आत पाडायचं. ऱ्हात्या घराला कुनी तक्रार केल्याबिगर हात लावायचा न्हाई, आसा आमचा नियम. हितं सडा हुता, रांगोळी हुती, कोनाड्यात दिवा जळत हुता. कुलूप बघून म्हनलं, मानसं कामाला गेली आसतील. आन फुडं गेलो."

गल्लीतल्या कुणीही मान वळवून सुलाबाईकडं पाहिलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

घराची मालकीण मनुबाई फौजेतल्या लेकाकडं राहायला निघाली, तेव्हा उंबऱ्याला हात लावून रडली होती. "सुले, माज्या घराचं दार अंधारात ठिऊ नगं गं," म्हणाली होती. सुलाबाई शब्दाला जागली. स्वतःच्या भाजीला तेल कमी पडलं तरी चालेल, पण त्या कोनाड्यातला सकाळ-संध्याकाळचा दिवा तिनं कधी चुकवला नाही. गल्ली तिचं कौतुक करायची आणि ते कौतुक तिला आवडायचंही. बोळाकडच्या भिंतीला तडा गेला तेव्हा तो तिनंच पहिल्यांदा पाहिला. चांगलं बोट आत जात होतं. घराची कळा जायला नको म्हणून तिनं शेणामातीचा गोळा केला आणि तडा लिंपून टाकला. वरनं पोतेराही फिरवला. भिंत कशी नव्यासारखी दिसायला लागली.

"आत्ती, घरात चला," सून सोनियानं तिचा पदर ओढला. "तुमी कायबी बोलू नगा."

सुलाबाईनं पदर सोडवून घेतला आणि बायकांतून वाट काढत ती पुढं आली.

"कोन बी ऱ्हात न्हाई," ती म्हणाली. "दिवा मी लावती. रांगोळी बी माजीच हाय. भित बी मीच लिपली."

धनाजी लिहायचा थांबला. त्यानं एकदा रांगोळीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"मग मावशी, मारायच्या आदीच फुली तुमी पुसलीसा की."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं खाली मान घालून उरलेलं लिहिलं आणि तो निघून गेला. केरबा ढिगाजवळ खाली बसला आणि मातीत अडकलेलं एक लुगडं ओढून काढायला लागला.

दिवस मावळला तशी गल्लीत दारोदार बल्ब लागले. मनुबाईच्या दाराचा कोनाडा तेवढा काळा राहिला. सुलाबाई घरात भिंतीला टेकून बसली होती. सोनियानं पुढं ठेवलेला चहा कधीच निवून गेला होता.

दारात सावली पडली. केरबा होता.

सुलाबाई धडपडत उठली. त्यानं शिव्या घालाव्यात, हात उगारावा, काहीतरी करावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्यानं तसलं काही केलं नाही.

"दिवा हाय न्हवं तुमचा?" त्यानं विचारलं. "जीव गेला त्या जागंवर लावाय पायजे. आमच्यात वात वळनारी तीच हुती."

सुलाबाईनं वात वळली. दिव्यात काठापर्यंत तेल ओतलं. दिवा पेटवून तिनं त्याला पदराचा आडोसा केला आणि ती बाहेर पडली. केरबा मागनं येत होता. पाय सवयीनं चालत होते. ते तिला रोजच्यासारखे उंबऱ्यापाशी घेऊन गेले. ती वाकली आणि दिवा कोनाड्यात ठेवायला तिनं हात पुढं केला.

केरबानं तिच्या दंडाला धरलं आणि हलकेच तिला ढिगाकडं वळवलं. मातीतून धुण्याची दोरी अजून वर आलेली होती.

"तितं न्हवं, सुलाबाई," तो म्हणाला. "हितं."