झग्याचा फोटो

"निस्तं तोंड दिसलं की झालं," रुक्माबाई म्हणाली. "दुसरं मला काय नगं. सांगा की त्यास्नी."

बेळगावच्या कॅम्पातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्याखाली ती उभी होती. शेजारी तिचा नवरा यल्लाप्पा, याच बंगल्याचा माळी. वर खुर्चीत पेल्हम मडम बसल्या होत्या. मडमना मराठी येत नव्हतं. मुन्शीकडून शिकलेली हिंदुस्थानी त्या बोलत. रुक्माबाईला ती कळत नसे. दोघींमधलं सगळं बोलणं यल्लाप्पाच्या तोंडून व्हायचं.

त्याने मडमना सांगितलं. पोर अक्काताई प्लेगने गेली. घरात तिची तसबीर नाही. आई जेवत नाही. मागे काढलेला फोटो तिला दाखवावा.

तो फोटो झग्यासाठी काढला होता. झगा मडमच्या घराण्यातला, दीडशे वर्षं जुना. फिकट हिरव्या रेशमात विणलेली गुलाबाची फुलं, कोपराशी लेसच्या झालरी. लंडनच्या एका संग्रहालयाला तो हवा होता. पण नुसत्या घडीवरून शिवण कळत नाही, कुणाच्या तरी अंगावर घालून फोटो पाठवा, असं तिकडून पत्र आलं होतं. कंबर इतकी अरुंद की कॅम्पातल्या एकाही गोऱ्या बाईला बंद लागेनात. शेवटी फुलं घेऊन आलेल्या अक्काताईला तो बेतून शिवल्यासारखा बसला.

त्या दिवशी अक्काताई येळ्ळूरला घरी आली ती हसतच. "आये, ह्यो घालून शेणी कशा थापायच्या गं? वाकायलाच येत न्हाय!" खानसामा भरमूने 'या राणीसरकार' म्हणून तिला सलाम ठोकला होता. तिला हसू आवरेना आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. यल्लाप्पा त्या रात्री अर्ध्या ताटावरून उठला होता.

मडम आत जाऊन जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो घेऊन आल्या. रुक्माबाईने पदराला हात पुसले आणि तो घेतला.

झग्याची चुणी न् चुणी दिसत होती. हातात हस्तिदंती पंखा होता. पंखा धरलेल्या बोटावर विळ्याचा जुना व्रण होता, बोट अक्काताईचंच. गळ्याशी लेस संपत होती. तिच्या वर काळा डाग होता. फोटो ज्या काचेवरून छापतात, तिच्यावरचा तेवढा भाग खरवडून काढला होता.

रुक्माबाईने डाग अंगठ्याने पुसून पाहिला. मग पदराचं टोक जिभेला लावून पुसला.

"अवं, हितं तोंड कुटं हाय? हेचा दुसरा असंल. इचारा की!"

यल्लाप्पाने विचारलं. दुसरा नव्हता. काच एकच होती.

मडम यल्लाप्पाकडे वळल्या. मग हिंदुस्थानीत, शब्द जुळवत म्हणाल्या, "मला तो चेहरा ठेवायचा होता, यल्लाप्पा. तूच हात जोडलेस. पिरनवाडीच्या पाहुण्यांनी पोरीला असल्या कपड्यांत पाहिलं तर सोयरीक मोडेल, म्हणालास. काच खरवडून होईपर्यंत तू इथून हलला नाहीस."

रुक्माबाई मडमच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती. त्या थांबल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"काय म्हन्त्यात बाई?"

यल्लाप्पाने तिच्या हातातला फोटो हळूच काढून घेतला.

"फोटूत मानूस ऱ्हात न्हाय म्हन्त्यात," तो म्हणाला. "कापडच तेवढं ऱ्हातंय."