पाऊण इंच

"मग खोदाई सोमवारी सुरू करायची ना?" पाणीवाल्या काकांनी फाइल टेबलावर ठेवत विचारलं.

नव्या नगरसेवकांनी फोनमधून मान वर केली. "कसली खोदाई, काका?"

काका हसले. थट्टा चाललीय असंच त्यांना वाटलं. उभी हयात पाणीपुरवठ्यात इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस. निवडणुकीआधी दोन महिने यांच्याच प्रचारासाठी वरच्या वस्तीच्या पायऱ्या चढून-उतरून त्यांनी गुडघ्यांची पार वाट लावून घेतली होती. दोनशे चौदा घरं आणि प्रत्येक घराचा वेगळा कागद: पाइप कुठून येणार, नळ कुठे बसणार, पाणी कोणत्या महिन्यात येणार. भिंतीवर नळाच्या जागी लाल पेन्सिलीची खूणही त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. समोरचा उमेदवार घसा फोडून नुसता 'पाणी देऊ, पाणी देऊ' करत राहिला. त्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही.

"टाकीची जागा तेवढी ताब्यात घ्या," काका म्हणाले. "टाकी उंचावर बसली की पुढचं सगळं सरळ आहे."

"ती जागा गेली. प्रचाराला ज्यांनी गाड्या दिल्या, त्यांना तिथे गोदाम बांधायचंय."

"मग वर पाणी चढणार कसं?"

"नाही चढणार." नगरसेवकांच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "काका, तुमचे उपकार मी विसरायचो नाही. तुम्ही 'पाऊण इंची पाइप' म्हणालात ना, तिथे लोकांना खरं वाटलं. पुढच्या वेळी रस्त्यांचं करू. असंच, घरागणिक."

त्यांनी फाइल काकांच्या हातात परत दिली आणि अगदी दारापर्यंत सोडायला आले. काकांनी सवयीने त्यांना नमस्कारही केला. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

त्यांची धाकटी बहीण वरच्या वस्तीतच राहायची. वीस वर्षं खालून पाणी वाहून तिची कंबर कामातून गेली होती. निदान तिला तरी आपल्या तोंडाने सांगावं, म्हणून ते पायऱ्या चढू लागले. निम्म्यात आले, तोच वरून ठोकाठोक ऐकू आली. एका घरातून नाही, घराघरातून.

बहीण दारातच भेटली. हातात छिन्नी, केसांवर सिमेंटची धूळ. ओट्याजवळच्या भिंतीत, लाल खुणेवर बरोब्बर, आरपार भोक पडलं होतं.

"आमचा पहिलाच महिना आहे ना तुझ्या कागदात? म्हटलं, आपल्यापायी खोळंबा नको. शेजारणीही लागल्यात कामाला. आणि ते पाण्याचं पिंप दिलं भंगारात. उगाच जागा अडवून बसलं होतं." तिने पदराने भोकाच्या कडा पुसल्या. "दादा, बघ रे जरा. अगदी पाऊण इंच मोजून पाडलंय."

काकांनी फाइल काखेत मारली. वाकून भोकात बोट घालून पाहिलं.

"थोडं मोठं कर," ते म्हणाले. "पाऊण इंच आतून असतं. बाहेरून पाइप जाड असतो."