निमकरकाकांचा एसी

"मागच्या आठवड्यापर्यंत गाडी बर्फासारखी गार व्हायची," निमकरकाकू माझ्या गॅरेजमध्ये शिरताच म्हणाल्या.

मी त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडलं आणि गोंधळलो. एसीच्या कॉम्प्रेसरला बेल्टच नव्हता. पुली पार गंजलेली. हा एसी कित्येक वर्षं चाललेलाच नव्हता.

निमकरकाका हळूच जवळ आले. "बेल्ट मीच काढला. एसी लावला की घाटात पिकअपच मिळायचा नाही. हिला सांगू नकोस."

"मग आता बिघडलंय काय?"

"एसीचं बटण हातात आलं. तेवढं बसवून दे."

बसवलं. काकांनी ते फिरवलं. मी झोतापुढे हात धरला, तर मे महिन्याची गरम हवाच येत होती. शेजारी काकूंनी खांद्यावरून पदर ओढून घेतला.

"जरा कमी करा हो," त्या म्हणाल्या.