तिसरा हौद

सकाळी सात वाजता तिसऱ्या हौदातलं पाणी इतकं निवळलं की तळ दिसू लागला. नाशिकच्या गटारांचं पाणी गोदावरीत सोडण्याआधी तीन हौदांतून गाळून, निवळून घ्यायचं, अशी ही १९३६ सालची नवी सोय होती. दहा वाजता मोठे इंजिनिअरसाहेब पाण्याचा नमुना न्यायला येणार होते, आणि तो नापास झाला तर ओव्हरसियर त्र्यंबकराव ओढेकरांची नोकरी गेलीच म्हणून समजा.

खुशीत चहा घेऊन त्र्यंबकराव परतले, तर हौदात कळवणहून यात्रेला आलेल्या झुंबरबाई आणि त्यांच्या सोबतिणी मनसोक्त डुबक्या मारत होत्या.

"अहो बाई, बाहेर या! गटाराचं पाणी आहे ते!"

"काय सांगता दादा! गोदागंगेत हात घातला तर हात दिसत नाय, अन् इथं पायाची बोटं दिसतात. मंग गटार कोणतं, तुम्हीच सांगा ना?"

त्र्यंबकराव पहिल्या हौदाकडे बोट दाखवत होते, तोवर दोन उपाध्ये काठावर छत्र्या रोवून बसलेही. पाण्यावर हळदकुंकू तरंगू लागलं. त्र्यंबकरावांनी हात जोडले, धमक्या दिल्या, पण कोणी हललं नाही.

साहेब वेळेवर आले. नमुना घ्यायला वाकले, तोच दोन्ही उपाध्यांनी त्यांचा एकेक हात धरला. "थांबा यजमान, आधी संकल्प! गाव कोणतं आपलं?"

"मँचेस्टर," साहेब गोंधळून म्हणाले.



साडेअकरा वाजले तरी, मँचेस्टरचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या उपाध्यांच्या घराण्याकडे आहेत, याचा निकाल लागलेला नव्हता.